जाताना पाणी, आल्यावर पाणी

शिबिराच्या चहाच्या सुट्टीत सुकन्या दहिफळे हॉलच्या दारात उभी दिसली आणि माझ्या हातातलं बिस्किट चहात पडलं. तसं ते पडायचं काही कारण नव्हतं. बाई ओळखीची होती, तीन वर्षांपूर्वी पाथर्डीच्या शिबिरात त्रेसष्ट प्राध्यापकांमध्ये तिसऱ्या रांगेत बसलेली, आणि पाथर्डीची माणसं कामाला नगरात येतच असतात. पण गेल्या तीन वर्षांत मी तिच्या धड्यातल्या विहिरी सतरा ठिकाणी दाखवल्या होत्या. त्या दिवशी सकाळीसुद्धा, जेमतेम तासाभरापूर्वी, याच हॉलमध्ये, याच पडद्यावर त्या दाखवून झाल्या होत्या. ही तासभर आधी आली असती तर काय झालं असतं, हा विचार मला आधी सुचला. कशाला आली असेल, हा नंतर. तोवर ती आत आली होती आणि बिस्किटाचा लगदा बोटाने काढावा की चहा तसाच ठेवून द्यावा, हे मी ठरवत होतो.

"ओळखलं का सर?"

"म्हणजे काय! या, या. चहा घ्या."

चहा नको म्हणाली. तिच्या हातात प्लॅस्टिकची जाड फाईल होती, कोपरे फाटून चिकटपट्टी लावलेली. मुलाखतींना जाणाऱ्या माणसांकडे असतात तशी. तिने उभ्याउभ्याच सांगितलं. नगरमधल्याच एका कॉलेजात भूगोलाची कायम जागा निघाली होती. बुधवारी दुपारी दोनला मुलाखत. स्वतः तयार केलेल्या ई-साहित्याला गुण असतात, म्हणून तिने विहिरींचे धडे जोडले, तर छाननीत शेरा आला: सदर साहित्य इंटरनेटवर सर्वांसाठी खुले असून त्यावर अर्जदाराचे नाव नाही, लेखकत्व सिद्ध करावे. तिने विद्यार्थ्यांच्या सह्या नेल्या, त्या चालत नाहीत म्हणाले. वह्या नेल्या, त्या कुणीही नंतर लिहू शकतं म्हणाले. ज्यांनी शिबिर घेतलं, साहित्य वेबसाइटवर चढवलं, त्यांचं पत्र आणा.

"तेवढं एक पत्र पायजे सर. नऊ वर्षं झाली मला तासिकेवर. दर जूनला नवीन अर्ज, दर मार्चला घरी. पुढच्या बारीला जागा निघंल तवा मी कुठं आसंन." मग स्वतःच थबकली, नीट मराठीत म्हणाली, "म्हणजे, वय निघून जाईल सर."

"देतो की. त्यात काय एवढं," मी म्हणालो. "बुधवारी बारापर्यंत या. इथेच आहे मी, समारोप आहे."

ती गेली. मी चहा खिडकीतून ओतला.

माझं काम सांगायला हवं. मी नगरच्या कॉलेजात भूगोल शिकवतो, पण गेली काही वर्षं शिकवणाऱ्यांनाच शिकवायला फिरतो. मुक्त शैक्षणिक साहित्य. म्हणजे धडे, चित्रं, प्रश्नसंच, जे कुणीही फुकट घ्यावं, हवं तसं बदलावं, वर्गात वापरावं आणि आपलंही त्यात टाकावं. ज्ञान ही वाटून घ्यायची गोष्ट आहे, असं मी पहिल्या सत्रात म्हणतो. समोरचे चाळीस-पन्नास प्राध्यापक माना डोलावतात, त्यातले निम्मे टेबलाखाली मोबाईल बघत असतात, आणि एखादा तरी हात वर करून विचारतो की सर्टिफिकेट कधी मिळणार. मला त्यांचा राग येत नाही. मीही अशाच शिबिरांत असाच बसलो आहे. मास्टर ट्रेनर झालो, कारण पाथर्डीच्या शिबिराचा अहवाल वर पोचला. पाच दिवसांत त्रेसष्ट प्राध्यापक, त्रेसष्ट धडे, सर्वांनी स्वेच्छेने सर्व हक्क सोडून दिलेले. आडबाजूच्या दुष्काळी तालुक्यात असं होतं म्हणजे काय! मग संगमनेरला बोलावलं, मग सोनईला, मग जिल्ह्याबाहेर. शाली इतक्या जमल्या की बायको त्या नातेवाइकांच्या लग्नांत पुढे सरकवते. आता माझी बढतीची फाईल वर गेली आहे आणि तिच्या पहिल्याच पानावर ते त्रेसष्ट आहेत.

दुपारच्या सत्रात नेमका परवान्यांचा विषय होता. आपला धडा दुसऱ्यांना देताना तो कुठल्या अटीवर देता, ते आधी ठरवावं लागतं. पडद्यावर दोन चौकटी. पहिली: मी सर्व हक्क सोडत आहे, नावाचीही गरज नाही. दुसरी: कुणीही घ्या, बदला, पण मूळ करणाऱ्याचं नाव ठेवा. "फरक लक्षात घ्या," मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला स्पीकरमधून ऐकू आला, खणखणीत, थोडा परका. "देणाऱ्याला न विचारता हा निर्णय कुणीही घ्यायचा नाही. हा त्याचा हक्क आहे." हे वाक्य मी नेहमीच म्हणतो. त्या दिवशी ते म्हणून झाल्यावर मी बाटली उघडून पाणी प्यायलो. समोरची माणसं थांबून राहिली. पहिल्या रांगेत सूर्यभान वही उघडून बसला होता. हा शिबिराचा स्थानिक संयोजक, तरुण, उत्साही, माझं प्रत्येक वाक्य उतरवून घेणारा. त्याने तेही उतरवून घेतलं.

पाथर्डीला शेवटच्या दिवशी काय झालं होतं, ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाहीच, हीच त्यातली अडचण. साडेतीनला समारोप होता, पाहुणे निघाले होते, आणि अडीच वाजता एकही धडा वेबसाइटवर चढलेला नव्हता. धडे तयार होते, पेन ड्राइव्हवर होते. पण शेवटच्या पानावर त्या दोन चौकटी यायच्या. दुसरी निवडली की करणाऱ्याचं नाव, हुद्दा, आणि मग त्याच्या मोबाईलवर ओटीपीचा आकडा येणार, तो टाकायचा, तेव्हा पुढे. कॉलेजात रेंज जिन्यापाशी यायची, ती पण एका कोपऱ्यात. पहिल्या तिघांना पाऊण तास लागला होता आणि तेही अर्ध्यावरच अडकले होते. सर्टिफिकेट धड्यांच्या संख्येशी जोडलेली, धडा चढला तरच छापायची. प्राचार्य दोनदा डोकावून गेले. मग मी म्हणालो, सगळ्यांनी बाहेर चहा घ्या, फॉर्म मी भरतो. आणि बसलो. पहिली चौकट निवडली की ना नाव, ना आकडा, सरळ पुढे. चाळीस मिनिटांत साठ. उरलेल्या तिघांचेही अर्धवट फॉर्म पुसून तसेच भरले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला काही वाटलं असेल असं नाही. कुणी पाठ्यपुस्तकातली पानं टाइप करून आणली होती, कुणी दुसऱ्याच्या नोट्स. त्यांची नावं गेली त्याचं कुणाला सुतक? पण सुकन्याच्या विहिरी त्या ढिगात होत्या, आणि त्या वेगळ्या आहेत हे मला माहीत होतं. चांगलंच माहीत होतं.

ते आदल्या दिवशीच कळलं होतं. शिबिर सुटल्यावर ती म्हणाली, सर, एक विहीर बघायला येता का, जवळच हाय. गेलो. मी भूजलावर पीएच.डी. केली आहे. पुण्याच्या ग्रंथालयांत बसून, सरकारी अहवालांवरून, तक्ते मांडून. विहिरीत मी डोकावलो होतो ते लहानपणी, चेंडू पडला तेव्हा. तिच्याकडे सुंभाची दोरी होती, हाताहातावर गाठी मारलेली, टोकाला दगड. विहीर मुक्ताबाईंची. घरची सगळी ऊसतोडीला जाणारी, म्हातारी नातवंडं राखायला मागे राहणारी. सुकन्या काठावर पालथी पडली आणि दोरी सोडत गाठी मोजू लागली. तिच्याबरोबर मीही वाकलो. आतून गार, ओला, कबुतरांच्या विष्ठेचा वास असलेला वारा तोंडावर आला. "वर माती दोन हात," ती सांगत होती, "मग मुरूम, मग ह्यो मांजऱ्या, ह्या मऊ दगडातनंच पाणी पाझरतंय बघा, आन् खाली काळा पाषाण. त्याच्याखाली कुणी गेलंच न्हाई." अशा एकतीस विहिरी तिने आणि तिच्या विद्यार्थ्यांनी मोजल्या होत्या. प्रत्येकीचं उभं कापलेलं चित्र, प्रत्येकीवर मालकाचं नाव. बनुबाईची विहीर, गोरक्षची विहीर. आणि खाली दोन रकाने. आम्ही भूगोलवाले पावसाळ्यानंतर आणि पावसाळ्यापूर्वी असं लिहितो. तिने लिहिलं होतं, जाताना पाणी, आल्यावर पाणी. दिवाळीनंतर तोडीचे ट्रक भरायच्या आदल्या आठवड्यात मुलांनी आपापली विहीर मोजायची आणि चैत्रात परत आल्यावर पुन्हा. वर्गातली निम्मी मुलं आईबापांबरोबर जाणारी, सहा महिने गैरहजर. त्यांच्या जाण्यायेण्याचंच तिने वेळापत्रक केलं होतं. लंकाबाईंच्या विहिरीखालचा पहिला रकाना कोरा होता. मी विचारलं तर म्हणाली, त्या साली त्या गेल्याच नाहीत सर, दिवस भरलेले होते. ज्या गेल्याच नाहीत त्यांचं जाताना पाणी कसं लिहायचं?

मला तेव्हा तिचा हेवा वाटला. हे मी पहिल्यांदाच लिहितो आहे. वीस वर्षांच्या नोकरीत, शंभर पानांच्या प्रबंधात, मला असा एक रकाना सुचला नव्हता. आणि ही तासिकेवरची बाई, जिचं नाव हजेरीपटावर पेन्सिलने लिहिलेलं असतं, तिने तो सहज, गरजेपोटी आखला होता. मुक्ताबाई ओट्यावरून विचारत होत्या, "ह्या चित्रांचं काय करायचं म्हनती गं?"

"मावशे, जगात कुनीबी बघंल आता. सर टाकनार हायेत."

"बघून पानी येतंय व्हय?"

आम्ही तिघंही हसलो. परत येताना रस्त्यात तिने विचारलं, "नाव राहील ना सर? म्हणजे माझं नसलं तरी चालंल, विहिरीवाल्यांचं तरी." मी म्हणालो, "राहील की. दोन्ही राहतील." तेव्हा ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी अडीच वाजेपर्यंत खरं होतं.

पुढे ते आपोआप होत गेलं. पहिल्या दोन-तीन शिबिरांत मी तिचं नाव तोंडी सांगायचो. मग "पाथर्डीच्या एका प्राध्यापिकेने" म्हणू लागलो, मग "आमच्या शिबिरातून तयार झालेलं". पडद्यावर खालच्या कोपऱ्यात मी तिचं नाव बारीक टाकलं होतं. एका ठिकाणी आयोजकांना तिथे आपलं बोधचिन्ह हवं होतं, म्हणून ते काढलं आणि पुन्हा घालायचं राहून गेलं. गेल्या वर्षी कुठल्याशा संस्थेने तो धडा घेऊन देखणा केला. रंग भरले, बनुबाईची विहीर गेली आणि विहीर क्रमांक एक आली. जाताना आणि आल्यावर जाऊन पावसाळ्यानंतर आणि पावसाळ्यापूर्वी आलं. लंकाबाईंच्या रकान्यात लिहिलं, माहिती उपलब्ध नाही. त्यांनी चोरी केली असं कुणी म्हणू शकत नाही. पहिली चौकट निवडलेली होती, त्यांना सगळा अधिकार होता. मी ते नीट पाहिलं, आणि नंतर माझ्या सादरीकरणात तीच नवी आवृत्ती घातली, कारण ती मागच्या रांगेतूनही नीट दिसते.

मंगळवारी दुसरं कुणी सत्र घेत होतं. मी मागच्या बाकावर बसून पत्र लिहायला घेतलं. पहिला मसुदा खरा होता. 'सदर धडा श्रीमती दहिफळे यांनी स्वतः तयार केला असून, तो वेबसाइटवर चढवताना परवान्याची निवड त्यांना न विचारता मी केली होती.' वाचून पाहिलं. हे वाक्य एकटं राहणार नव्हतं. मुलाखतीच्या समितीत कुणी तरी विचारणार, एकाचं असं केलं तर बासष्ट जणांचं काय? मग अहवालातलं 'स्वेच्छेने' खोटं ठरणार. माझ्या बढतीच्या फाईलवर डोळा ठेवून बसलेले दोघं तर माझ्याच विभागात आहेत, त्यांना माहितीच्या अधिकारात एक अर्ज करायला किती वेळ लागतो? मी कागद फाडला. दुसऱ्या मसुद्यात 'तांत्रिक कारणाने' आलं. तेही फाडलं, कारण तांत्रिक कारण म्हणजे कोणतं, हे कुणीही विचारलं असतं. पंखा डोक्यावर खटखटत होता. समोरची बाई प्रश्नपेढी कशी बनवायची ते सांगत होती. मला एकदम वाटलं, सुकन्या अशी कोण लागते माझी? सतरा शिबिरांत मला भेटलेल्या हजारभर माणसांपैकी एक. एवढ्यासाठी वीस वर्षांच्या नोकरीवर पाणी सोडायचं? तिची गुणवत्ता असेल तर मुलाखतीत दिसेलच. हे मी स्वतःला समजावत होतो तेव्हाच मला माहीत होतं की मी वेळ मारून नेतो आहे, आणि हे माहीत असण्याचा काहीही उपयोग होत नव्हता. तिसरा मसुदा सरळ उतरला. एकाही शब्दावर अडलो नाही. कॉलेजच्या ऑफिसात टाइप करून घेतला, शिक्का मारला.

बुधवारी ती पावणेबाराला आली. धुतलेली, इस्त्रीची, निळ्या काठाची साडी, पायांवर प्रवासाची धूळ. हॉलमध्ये समारोपाची मांडामांड चालली होती, म्हणून आम्ही शेजारच्या खोलीत बसलो. मी पाकीट दिलं. तिने दोन्ही हातांनी घेतलं, आधी आभार मानले आणि मग उघडलं.

'प्रमाणित करण्यात येते की, श्रीमती सुकन्या दहिफळे यांनी सदर कार्यशाळेत सक्रिय सहभाग घेतला होता. कार्यशाळेतील सर्व साहित्य सहभागी प्राध्यापकांनी स्वेच्छेने सर्व हक्क सोडून उपलब्ध करून दिले आहे. वैयक्तिक लेखकत्वाची नोंद आमच्याकडे ठेवली जात नाही. त्यांच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

तिने ते दोनदा वाचलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती.

"सर, हे जोडलं तर मीच दिलंय असं हुईल."

"तसं नाही. हे नियमाप्रमाणे... आमच्या नोंदींत जेवढं आहे तेवढंच मला लिहिता येतं. कुणी काय निवडलं, हे आता एवढ्या वर्षांनी सांगणं अवघड आहे."

मग अगदी साध्या आवाजात, जणू मी विसरलेलं काही आठवून देत असावी, तसं म्हणाली, "मी मागंच उभी हुते सर."

"कधी?"

"त्या दिशी. तुमी सगळ्यांना चहाला पाठवलं, तवा मी पेन ड्राइव्ह राहिला म्हणून आत आले हुते. तुमी फॉर्म भरत हुता. माझाच चालला हुता. पहिल्या चौकटीवर बटन दाबलेलं बघितलं मी." तिने पत्राची घडी केली, पुन्हा उलगडली. "म्हटलं, सरांना कळत आसंल. सर म्हणालेत नाव राहील, म्हंजी राहील. तुमी घाईत हुता, मधी कशाला बोलायचं."

तीन वर्षं मला वाटत होतं की त्या खोलीत मी एकटा होतो. परवा दारात उभी राहून तिने पत्र मागितलं, तेव्हाही तिला सगळं माहीत होतं, आणि तरी तिने कोणताही आरोप न करता एक पत्र मागितलं होतं, मला आपणहून लिहिता यावं म्हणून. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त तिचा राग आला. तिथेच बोलली असती तर! एक शब्द बोलली असती तरी मी बदललं असतं. बदललं असतं का?

"अजून वेळ हाय सर," ती म्हणाली. "इथनं ते कॉलेज वीस मिनिटांवर. हातानं लिहिलं तरी चालंल. दोनच ओळी. 'धडा हिचा हाय, बटन मी दाबलं', एवढंच. मी ते दुसरीकडं कुठं दाखवनार न्हाई. तिथं दाखवीन आन् परत आणून दीन तुमाला."

टेबलावर कोरे कागद होते. मी एक ओढला. खिशातलं पेन काढलं. तारीख घातली. खाली 'प्रति' लिहिलं. पहिलं वाक्य मनात तयार होतं, मंगळवारी फाडलेलं, शब्दन् शब्द. ती समोर हात मांडीवर ठेवून बसली होती. माझ्याकडे नाही, कागदाकडे बघत होती. मी 'सदर धडा श्रीमती' एवढं लिहिलं, तेवढ्यात बाहेरून कुणी तरी दार उघडलं.

"सर, चला ना," सूर्यभान म्हणाला. "पाहुणे आलेत. तुमचा सत्कार घेऊन टाकतो आधी, त्यांना निघायचंय. दोनच मिनिटं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती लगेच म्हणाली, "या सर जाऊन. मी हाय हितं."

"आलोच," मी म्हणालो, आणि पेनला टोपण लावून ते खिशात ठेवलं.

हॉलमध्ये सगळे उभे राहिले. पाहुण्यांनी मला शाल पांघरवली, नारळ दिला, कुणीतरी माझ्याबद्दल चार वाक्यं बोललं. त्यात पाथर्डी होतं, त्रेसष्ट होते. टाळ्या झाल्या. खरोखरच दोन मिनिटांत सगळं आटोपलं. फोटोवाल्याने फोटो काढला, कॅमेऱ्यात बघून अंगठा वर केला आणि बाजूला झाला. व्यासपीठावरून त्या खोलीचं दार सरळ समोर दिसत होतं. अर्धवट उघडं, आत निळा काठ, जमिनीवर ठेवलेली फाईल. घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती, तिची मुलाखत दोनला. पायऱ्या मोकळ्या होत्या, मला कुणी अडवलेलं नव्हतं. पाहुणे हात जोडून निघायला वळले, तेव्हा मी त्यांचा दंड धरला आणि फोटोवाल्याला हाक मारली.

"अहो, सगळ्यांना बोलवा वर," मी म्हणालो. "एकेका गटाबरोबर काढू. नावं पुकारा, सावकाश."